कुरव ओळखताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की जुहूच्या ओल्या वाळूवर कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) थवे उतरतात आणि पक्षीवेड्यांच्या फोनवर ‘आज काहीतरी वेगळं दिसलं!’ असे मेसेज सुरू होतात. बहुतेक वेळा हे ‘वेगळं’ म्हणजे नेहमीच्याच कुरवाचं पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू निघतं. मीही असे मेसेज टाकलेले आहेत, त्यामुळे हसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नावातल्या डोक्यावर विसंबणं. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव मुंबईत असतात तो बहुतेक काळ दोघांचंही डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. ओळख पटते ती पंख उघडल्यावर. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं पंखटोक रुंद काळं आणि त्यात ठळक पांढरे ठिपके, ज्यांना ‘मिरर’ म्हणतात. काळ्या डोक्याच्या पंखाला पुढच्या कडेवर लांब पांढरी पाचर. बसलेल्या पक्ष्याचं बुबुळ पाहा: पहिल्याच्या प्रौढाचं फिकट, दुसऱ्याचं गडद. मात्र पहिल्याच्या पिल्लाचं बुबुळही गडदच असतं, तेव्हा नुसत्या डोळ्यावर पैज लावू नका.

बारीक चोचीचा कुरव इथे अनेकांना चकवतो. पांढरी पाचर त्यालाही असते आणि चोच नावाइतकी बारीक वाटतच नाही, लांब वाटते. त्याचं उतरतं कपाळ आणि लांब मान बघा. मार्चपर्यंत धीर धरलात तर काम आणखी सोपं: बाकीच्या दोघांच्या डोक्यावर टोप्या चढू लागतात, याचं डोकं पांढरंच राहतं.

आता उजेड. जुहूचा किनारा पश्चिमेकडे, म्हणून सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं. शिवडीच्या जेट्टीवरून खाडी पूर्वेला, तिथे सकाळी उलटा प्रकाश. मोठ्या कुरवांची पाठ किती गडद, यावर सारा वाद असतो, आणि तीच पाठ उलट्या प्रकाशात हवी तेवढी काळी दिसते. शिवडीच्या चिखलात पायांचा रंगही कळत नाही. तिथे दुपारीच जा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून.

आकाराचंही तसंच. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर लोक वेफर्स उधळतात (कृपया उधळू नका), पक्षी हाताच्या अंतरावर येतात, आणि मोबाईलच्या फोटोत जवळचा कुरव उगाच राक्षसी दिसतो. शेजारी ओळखीचा पक्षी असल्याशिवाय आकाराबद्दल बोलू नये.

खरी गंमत पुढे आहे: ‘हा गेल्या रविवारचाच पक्षी आहे’ हे कशावरून म्हणायचं? एका हिवाळ्यात जुहूला गडद पाठीचा एक मोठा कुरव दिसला. आठवड्याने वर्सोव्याला ‘दुसरा’ सापडला म्हणून मी सगळ्यांना कळवलं, कारण याच्या डोक्यावरच्या रेघा कमी होत्या. घरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा दोन्हींत उजव्या पायाचं तेच बोट तुटलेलं! रेघा झडल्या होत्या, पक्षी तोच होता.

डोक्याच्या रेघा, चोचीचा रंग, पीस झडून पंखांत पडलेली फट हे सगळं बदलतं. ह्यूग्लिनच्या कुरवाची (गडद पाठीची एक मोठी जात) पंखपिसं तर ऐन हिवाळ्यातही बदलत असतात, म्हणून पंखटोक आज आखूड आणि महिन्याने लांब. त्याच्या बाहेरच्या पिसावर मिरर नाही म्हणून जात बदलू नका, ते पीस अजून उगवतही असेल. भरवसा ठेवायचा तो जुन्या इजांवर: तुटलेलं बोट, कायमचं लंगडणं. मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला साधारण चार वर्षं लागतात आणि तोवर पिसारा बदलत राहतो, त्यामुळे मागच्या हिवाळ्याचा तपकिरी पक्षी यंदा ओळखू येईल ही आशा सोडा.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली कडी दिसली तर सोनंच. कडी कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं कोणती, सगळं तिथल्या तिथे लिहा. एकच अक्षर कळलं तर तेवढंच लिहा, अंदाजाने पुढची भरू नका. मग फोटो, ठिकाण आणि वेळेसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. आणि मेसेज टाकायची घाई झाली असेल, तर आधी तो पक्षी उडेपर्यंत थांबा.