जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेला गिटारचा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर थेट विजेला जोडू नये. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरांत (वीज साठवणाऱ्या भागांत) 300 व्होल्टांहून अधिक, म्हणजे जिवावर बेतेल इतका, दाब टिकून राहू शकतो. म्हणून ते योग्य रेझिस्टरमधून रिकामे करून, व्होल्ट मोजणारा मीटर शून्याजवळ आल्याची खात्री झाल्याखेरीज आत हात घालू नये. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत आणि दोन पिनांच्या वायरीऐवजी चासीला (धातूच्या सांगाड्याला) अर्थिंग देणारी तीन पिनांची वायर बसवावी. अमेरिकन यंत्र केवळ 120 व्होल्टांचे असेल, तर आपल्या 230 व्होल्टांसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडलेला असावा आणि विजेच्या वाटेत सिरीजमध्ये फिलामेंटचा बल्ब असावा. तो प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. आवाज सुधारायचा असल्यास, माझ्या मते, मूळ ट्रान्सफॉर्मरला हात न लावता जुन्या स्पीकरएवढ्याच ओहमचा (विद्युत रोधाचा) चांगला स्पीकर बसवावा.