प्रायश्चित्तकाळात पापनिवेदन करताना या चुका टाळा

"फादर, मी फार रागावते."

"कोणावर?"

पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करताना, त्यांचा एवढाच प्रश्न, आणि माझी बोलती बंद. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, तयारीत पाठ केलेली यादी मी मोठेपणीही तशीच म्हणत होते: राग केला, खोटं बोलले, प्रार्थनेचा कंटाळा केला. तिच्यात कुणाचा चेहरा नव्हता. प्रत्यक्षात राग एकाच माणसावर होता, जाऊबाईंवर. दोन वर्षं मी तो जपून ठेवला होता, चांदीची भांडी ठेवतात तसा, मधूनमधून काढून लखलखीत करत.

तेव्हापासून प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे आणि पश्चात्तापाचे दिवस, आला की तो प्रश्न आठवतो. या दिवसांत होणाऱ्या बहुतेक चुका मला एकाच घरातल्या वाटतात. आपण पापांचा हिशेब मांडतो, आणि ज्याच्याशी बिनसलं तो माणूस, तो देव, वहीबाहेरच राहतो. याला थोडी आपली भाषाही कारणीभूत आहे. मराठीत 'पाप' म्हटलं की पाठोपाठ 'पुण्य' येतं. दोन रकाने समोरासमोर, वजाबाकी केली की निकाल. बायबलचं तसं नाही. हिब्रूतल्या 'हाता' आणि ग्रीकमधल्या 'हामार्तिया' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी नेम चुकणं आहे. आणि पश्चात्तापासाठी जुन्या करारात येणाऱ्या 'शूव' या शब्दाचा साधा अर्थ मागे फिरणं, परत येणं. परत यायचं तर कुणाकडे तरी यावं लागतं.

गोलमोल यादी

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. "मी पापी आहे" हे वाक्य म्हणायला काहीच लागत नाही, कारण सगळेच पापी आहेत. "मंगळवारी आईचा फोन मुद्दाम उचलला नाही" हे म्हणायला घसा कोरडा पडतो.

बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट आठवा. बथशेबेला त्याने आणवून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवलं, आणि पुढे राज्यकारभार सुरळीत चालू. नाथान संदेष्टा आला तो आरोप घेऊन नव्हे, गोष्ट घेऊन. एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाची एकुलती एक मेंढी, आणि ती हिसकावून पाहुण्याच्या ताटात वाढणारा श्रीमंत. दावीद संतापला, त्या माणसाला मरणदंडच हवा म्हणाला. मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दुसऱ्याच्या पापाबद्दल आपली नीतिमत्ता किती चोख असते! स्तोत्र ५१ याच प्रसंगाशी जोडलेलं आहे आणि राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, तेच गायलं जातं.

उपाय अवघड नाही. आदल्या रात्री दहा मिनिटं बसा आणि दहा आज्ञांची यादी घेण्याऐवजी माणसांची यादी घ्या. घरातली, कामावरची, जिच्याकडून उसने घेतले ती, ज्याचा फोन टाळला तो. प्रत्येकापाशी थांबा. पापं आपोआप सापडतील, नको तितकी. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीच्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यात कसूर केल्याची कबुलीही आहे. करायला हवं होतं ते केलं नाही, या शेवटच्या खणात माझा तरी सगळ्यात जास्त माल निघतो.

तपशील मात्र बेताने. १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने सांगितलं ते एवढंच की गंभीर पापं प्रकारानुसार आणि संख्येनुसार सांगावीत. कथा-कादंबरी अपेक्षित नाही, आणि दुसऱ्याचं नाव तर घेऊच नये. "घरातल्या एका व्यक्तीवर दोन वर्षं राग धरलाय" इतकं पुरतं.

'पण' आला की थांबा

"मी चिडले, पण तिने आधी..." इथून पुढे आपण स्वतःचं नाही, तिचं पापनिवेदन करत असतो. ही सवय पहिल्या माणसाइतकी जुनी आहे. फळ खाल्लंस का, असं देवाने विचारलं तेव्हा आदामाने एका दमात दोघांवर ढकललं: तू दिलेल्या स्त्रीने मला दिलं. म्हणजे बायकोही दोषी आणि ती देणारा देवही! कबुलीच्या वाक्यात 'पण' आला की तिथेच पूर्णविराम द्यायचा, इतका साधा नियम मी स्वतःला घातलाय. दहातल्या सहा वेळा पाळते.

उपवासाचं डाएट होतं

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात. मधले ६ रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत, तेव्हा ४० उरतात. एवढ्या दिवसांचा निश्चय म्हटला की वजनकाट्याची आठवण येणारच. साखर सोडू, मोबाईल कमी करू, जमल्यास चार किलोही उतरवू. ईस्टरच्या दिवशी आरशात फरक दिसतो, घरात दिसत नाही.

गंमत म्हणजे लॅटिन कॅथलिक परंपरेत उपवासाचं प्रत्यक्ष बंधन अगदी थोडं आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस, १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. दिवसात एक पूर्ण जेवण आणि हवं तर दोनदा थोडंसं खाणं. आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना तेही लागू नाही, त्यांनी हट्ट करू नये. बाकीचं सगळं आपण खुशीने घेतलेलं. खुशीने घेतलेलं आहे म्हणून त्याची जाहिरातही होते. 'मी यंदा चहा सोडलाय' हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान नेमकं याच्याविरुद्ध आहे. उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस.

इ. स. ३८७ मध्ये अंत्युखियात संत जॉन क्रिसोस्तोम यांनी याच काळात दिलेल्या प्रवचनांत विचारलं होतं की, मांस वर्ज्य करून भावाचे लचके तोडत असाल तर उपवास कसला? यशयाचा ५८वा अध्याय त्याहून थेट आहे: बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, हा देवाला हवा असलेला उपवास. म्हणून सोडण्याच्या प्रत्येक गोष्टीसमोर एक धरण्याची गोष्ट लिहा. चहा सोडला तर वाचलेले पैसे कुणाला जाणार? मोबाईल ठेवला तर तो तास कुणासोबत? येशूने रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येऊन पाहतो तर ते झाडून-पुसून सजवलेलं आणि मोकळं. मग तो आपल्याहून वाईट आणखी सात जण घेऊन तिथे राहायला येतो. नुसतं झाडून ठेवलेल्या प्रायश्चित्तकाळाचं ईस्टरनंतर हेच होतं.

रडणं म्हणजे पश्चात्ताप, असं नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकणारी माणसं बेपर्वा नसतात, हळवी असतात.

यहूदा आणि पेत्र हे येशूचे शिष्य. दोघांनी एकाच रात्री येशूला दगा दिला. एकाने तीस रुप्याच्या नाण्यांसाठी धरून दिलं, दुसऱ्याने मी त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं. आपल्याला वाटतं यहूदाला पश्चात्ताप झाला नाही. मत्तयाने उलटं लिहिलंय. त्याला पस्तावा झाला, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं त्याने स्पष्ट सांगितलं, पैसेही परत केले. पापनिवेदनाच्या पुस्तकात असावं ते जवळपास सगळं त्याने केलं. फक्त तो गेला त्या याजकांकडे, ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघून घे.

पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडला, आणि मग? मग तो इतर शिष्यांत राहिला. तोंड दाखवायला जागा नसताना राहिला. पुढे योहानाने सरोवराकाठची ती पहाट सांगितली आहे: कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, आणि येशूचा तीनदा विचारलेला एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? नाकारलं तेव्हाही पेत्र कोळशाच्याच विस्तवापाशी शेकत उभा होता. योहान दोन्हीकडे तोच शब्द वापरतो.

दोघांच्या दुःखात कमी-जास्त कोणाचं ते मला मोजता येत नाही, आणि यहूदाचा न्याय करणं आपलं कामही नाही. फरक दिशेत दिसतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाकडे नेणारं दुःख आणि मरणाकडे नेणारं दुःख वेगळं केलंय. आपलं दुःख कुठलं हे ओळखायची माझी खूण अशी: त्याने पाय कुणाकडे तरी वळतात, की दार आतून लावून घ्यावंसं वाटतं? दार लावावंसं वाटत असेल, जगणंच नकोसं होत असेल, तर पापनिवेदनाच्या शनिवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा.

क्षमा झालेलं पुन्हा उकरणं

"नीट सांगितलं नसेल तर?" ही शंका काहींचा पिच्छा सोडत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मान्रेसा इथे असताना याच शंकांनी पछाडलं होतं. सविस्तर पापनिवेदन झालं, तरी जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगायची ओढ संपेना. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. शेवटी त्यांनी ठरवलं की गेलेलं पाप पुन्हा सांगायचं नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी एकच धर्मगुरू धरावेत आणि ते म्हणतील तिथे थांबावं. चार ठिकाणी विचारलं की चार नवे संशय मिळतात. विचार थांबतच नसतील, हात धुण्यासारखी तीच कबुली रोज करावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात श्रद्धेची कमतरता नाही.

जाळीबाहेरचं काम

पापनिवेदनाच्या जाळीआडून धर्मगुरूंनी प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या तीन 'प्रणाम मरिया' प्रार्थना म्हटल्या, झालं मोकळं? ज्याचे पैसे बुडवले त्याला त्या प्रार्थनांतून काय मिळालं? बायबलमधल्या जक्कय जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात, आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कयने सवलतीचं कलम न घेता स्वतःला सरळ चोराचं कलम लावून घेतलं.

इथे एक सावधगिरी. जाऊबाईंना मी फोन केला, पण त्यांच्यामागे मी काय काय बोलले होते ते सांगितलं नाही. त्यांच्या कानावर ते कधी गेलंच नव्हतं. सांगून मी हलकी झाले असते आणि ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं असतं. ज्यांच्यापुढे बोलले होते त्यांच्यापुढे ते दुरुस्त करायला हवं होतं, आणि ते फोनपेक्षा जड गेलं. तसंच, मारहाण सोसणाऱ्या बाईला 'क्षमा कर' म्हणून पुन्हा त्याच घरात धाडणं हे प्रायश्चित्तकाळातलं पुण्यकर्म नव्हे. क्षमा दूर राहूनही करता येते.

नेहमीच्या अडचणी

खूप वर्षांनी जाताय? पहिलं वाक्य तेच: "मी अमुक वर्षांनी आलोय, कसं करायचं विसरलो." पुढचं धर्मगुरू सांभाळून घेतात. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं हा नियम १२१५च्या चौथ्या लॅटेरन परिषदेचा, म्हणजे टाळणारे तेव्हाही होतेच.

बाहेर फुटेल अशी भीती? ऐकलेलं कुणालाही सांगायची धर्मगुरूला मुभा नाही; थेट भंग केल्यास त्याच्यावर आपोआप बहिष्कृतीची शिक्षा ओढवते.

दरवेळी तेच पाप? नवीन पापं शोधण्यापेक्षा बरंच. पण ते कधी घडतं, किती वाजता, कुणाशी बोलून झाल्यावर, हे पाहा. निश्चय त्या वेळेबद्दल करा.

तुमच्या मंडळीत जाळी नाही, पाळकासमोर कबुली देण्याची प्रथा नाही? तरी याकोबाच्या पत्रातलं 'एकमेकांजवळ पापे कबूल करा' हे वाक्य तुमच्याही बायबलात आहे. भरवशाचा एक माणूस पुरे.

पाठ केलेलं भाषण

बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राची, येशूने सांगितलेली गोष्ट आपण इतकी ऐकलीय की तिच्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. डुकरांच्या शेंगांकडे पाहत त्याने भाषण तयार केलं होतं. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलंय. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही. मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. कबुली दोन वाक्यांत संपते. तिसरं वाक्य म्हणजे सौदा आहे: काम करीन, फेडीन, मजुरीवर ठेवा. पुण्याचा रकाना त्याच्याही डोक्यात होताच.

वाटभर त्याने ते घोकलं असेल. घर दिसायला लागलं तेव्हा बाप धावत येत होता. वय झालेला माणूस, अंगरखा सावरत. गळ्यात पडला, मुके घेतले. मुलाने सुरुवात केली. पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसरं लूकच्या शुभवर्तमानात येतच नाही. बाप तोवर नोकरांकडे वळून अंगरखा, अंगठी आणि जोडे मागवत होता.