जुना बेस ठेवायचा की विकायचा? आधी मान बघा

जुना बेस गिटार विकायला काढण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात: बोटं दुखतात, तारा खडखडतात, वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर लागत नाही. यातलं बरंचसं वाद्याची खोड नसते, सेटअप म्हणजे मान आणि तारांची जुळवणी बिघडलेली असते. म्हणून सेटअप न केलेल्या बेसबद्दल निर्णय घ्यायचाच नाही. आषाढ-श्रावणात तर मुळीच नाही. बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडं पावसाची झड लागली की लाकूड ओल धरतं आणि मान (तारांखालचा लांब दांडा) जागची हलते. तोच बेस मार्गशीर्षात वेगळा वाजतो. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (मानेवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आक्रसतो आणि फ्रेटची टोकं तळव्याला बोचायला लागतात. ही टोकं बारीक कानशीनं घासता येतात, त्यासाठी बेस विकायची गरज नाही.

तपासणीला लागतं ते इतकंच: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, अ‍ॅलन कीचा संच, मल्टीमीटर, क्लिपचा ट्यूनर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा). हा गेज टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात. ओळखीच्या मिस्त्रीकडं मागितला तर अर्ध्या तासासाठी मिळतो. मोबाइलवरच्या ट्यूनरवर फार विसंबू नका. ई तारेचा (सगळ्यात जाड) सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, फोनच्या माइकला तो धड ऐकू येत नाही. त्या तारेच्या १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोटानं नुसती शिवून काढलेला सूर) वाजवून जुळवा.

तारा गंजलेल्या असतील तर आधी बदला. ३४ इंच स्केलच्या (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी) चार तारी बेसला ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा संच चालतो. नव्या तारा घालून, ई-ए-डी-जी जुळवून एक रात्र तसाच ठेवा. मग मानेकडं वळा.

मान म्हणजे या वाद्याचा कणा. बाकी सगळं बदलता येतं, मान बिघडली तर हिशोब बिघडतो. बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून हेडस्टॉककडं (खुंट्यांच्या टोकाकडं) बघा. फ्रेट रेल्वेच्या स्लीपरसारखे एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. पुढं जाता जाता ते एका बाजूला कलंडत असतील तर मानेला पीळ पडलाय. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) मानेची कमान कमी-जास्त करतो, पीळ काढत नाही. असा बेस ठेवण्यात अर्थ नाही.

पीळ नसेल तर कमान मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा (नसेल तर घरच्या कुणाला तरी बोट धरायला सांगा), ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांमधली फट गेजनं बघा. ०.३ मिमीच्या आसपास हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट उजवीकडं, म्हणजे आवळायच्या दिशेनं. फटच नसेल, तार टेकत असेल तर डावीकडं. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा आणि नट आधी किंचित उलटा फिरवून मोकळा आहे का बघा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर तारा पुन्हा जुळवून मोजायचं.

इथं घोटाळा होतो तो चुकीच्या कीमुळं. काही वाद्यांना ४ किंवा ५ मिमीची की लागते, काहींना इंचातली. जरा ढिली बसणारी की लावून जोर केला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि दोन मिनिटांच्या कामाचं मोठं दुखणं होऊन बसतं. की गच्च बसल्याशिवाय फिरवूच नका. नट फिरतोय पण मान हलत नाही, किंवा नट शेवटपर्यंत आवळलेला असूनही फट १ मिमीच्या आसपास आहे, तर रॉडची ताकद संपली आहे. कधी कधी नटाखाली एक वॉशर घालून थोडी जागा मिळते, तेवढं करून बघावं. नाहीच जमलं तर हा बेस सुटे भाग म्हणून विकायचा, आणि तसं सांगूनच विकायचा.

कमान जमली की १२व्या फ्रेटवर तारांची उंची मोजा: ई तारेखाली साधारण २.५ मिमी, जी तारेखाली २ मिमी. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) छोटे स्क्रू वर-खाली करून ती साधते. इंटोनेशनसाठी (दाबलेला सूर बरोबर लागण्यासाठी) १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागं, मानेपासून लांब घ्या. उतरला तर पुढं. सॅडल टोकापर्यंत मागं नेऊनही सूर चढाच राहत असेल तर आधी तारा जुन्या नाहीत ना, उंची फार नाही ना, ते बघा.

मग एकेक फ्रेट वाजवत जा. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी (तारेचा झणझणाट) हवी, बेसला नको. पण एखाद्याच फ्रेटवर खडखड येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा फ्रेट उठलाय, आणि हे काम छोटं आहे. बहुतेक फ्रेटवर तारांखाली खोल चरे पडले असतील तर नवे फ्रेट घालावे लागतात, आणि स्वस्तातल्या बेससाठी तो खर्च परवडत नाही. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात एखादा सूर लवकर विझतो. बोल्टच्या मानेच्या चांगल्या चांगल्या बेसनाही हे असतं. तेवढ्यावरून वाद्य खराब ठरवू नका.

विजेचं काम घाबरण्यासारखं नसतं. नॉब फिरवताना खरखर आली तर पॉटमध्ये (नॉबखालचा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवा. केबल हलवल्यावर आवाज जातो-येतो, तर जॅकचा नट सैल आहे नाहीतर टाका सुटलाय. रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारा कुणीही सोल्डर करून देईल. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते हे ठीक. वाढत असेल तर अर्थिंग बघा. पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) मेला वाटतोय? त्याच्या वायरी सर्किटमधून सोडवून मल्टीमीटर लावा. जॅझ पद्धतीचा पिकअप साधारण ७-८ किलोओहम दाखवतो, प्रिसिजन पद्धतीचा १०-११ (दोन्ही फेंडर कंपनीच्या बेसची नावं). काहीच आकडा येत नसेल तर आतली तार तुटली आहे. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या, बेसचा आवाज फाटत असेल तर सगळ्यात आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. जॅकमध्ये केबल राहिली की ती झिजत राहते, हे सांगूनही लोक विसरतात.

आता कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. अ: आज आहे तसा विकला तर काय येईल. ब: दुरुस्तीचा खर्च, दुकानात विचारून. क: तेवढ्याच लायकीचा, वाजता दुसरा बेस घ्यायचा तर काय पडेल. समजा अ ८,०००, ब ४,०००, क १५,०००. विकून दुसरा घ्यायला पदरचे ७,००० घालावे लागतात, दुरुस्तीला ४,०००. म्हणजे ठेवा. ब हा क आणि अ यांच्या फरकाच्या वर गेला की विका. मात्र विकायचाच असेल तर मोठी दुरुस्ती करत बसू नका, तो पैसा किमतीत पूर्ण वसूल होत नाही. पुसून लख्ख करा, खरखर घालवा, जॅक नीट करा, बस्स.

दोन गोष्टी या हिशोबात बसत नाहीत. एक म्हणजे वजन: साडेचार किलोच्या वर असेल आणि गणपतीत रात्रभर ऑर्केस्ट्रात उभं राहायचं असेल, तर खांद्याचं ऐका. दुसरी म्हणजे हात. ३४ इंच स्केलवर पहिल्या फ्रेटला बोटं पुरत नसतील तर आधी मनगटाची ठेवण सुधारा, तरीही नाही जमलं तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल घ्यायला हा विकणं योग्य.

हेडस्टॉकवर मोठ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून लगेच हुरळून किंवा चढ्या भावानं विकायला जाऊ नका. स्टिकर कुणीही चिकटवतो. तारा काढून मानेचे चार बोल्ट सोडा आणि मानेच्या बुडाशी नि पॉटवर काय शिक्के आहेत ते सिरियल नंबरशी ताडून बघा. खरंच जुना आणि अस्सल निघाला तर रंग, पिकअप, नॉब यांपैकी काहीही बदलू नका, काढलेला मूळ भाग फेकू नका.

बेळगावात बेसचं गिऱ्हाईक मोजकं: कॉलेजची बँड, ऑर्केस्ट्रा, चर्चची क्वायर. म्हणून जाहिरात फक्त मराठीत टाकून बसू नका. कन्नड आणि इंग्रजीतही चार ओळी द्या, म्हणजे हुबळी-धारवाडचं गिऱ्हाईक येतं; कोल्हापूर आणि गोवाही हाकेच्या अंतरावर आहेत. गणपतीच्या दोन महिने आधी आणि नाताळच्या आधी विचारणा वाढते. फोटोत सिरियल नंबर, फ्रेट जवळून, मान बाजूनं, ब्रिज आणि प्रत्येक ओरखडा दाखवा. गिऱ्हाईक येईल तेव्हा अ‍ॅम्प आणि केबल तयार ठेवा. न वाजवता कुणी भाव देत नाही. ऑनलाइन पैसे घेताना कुणी क्यूआर पाठवून "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणालं तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. चोर्ला घाटातून पावसाचा नेणार असाल तर साधी कापडी पिशवी भिजते. आत प्लॅस्टिकचा थर घाला आणि तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा.

ठेवायचा ठरला तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या भिंती ओल सोडतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं तारा पुसा, आणि दसऱ्याच्या सुमारास गेज पुन्हा एकदा मागून आणा.