मुरमाड वाटांसाठी स्टीलची हार्डटेल फ्रेम: घेण्याआधी काय मोजायचं

हार्डटेल म्हणजे पुढे दबणारा फोर्क पण मागे सस्पेन्शन नसलेली डोंगरी सायकल. तिची फ्रेम निवडायला बसलात की पहिल्यांदा मापांचा तक्ता उघडा. नळीवरचं स्टिकर नंतर बघू.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर हातात वर्नियर आणि समोर ड्रॉइंग, त्यामुळे सायकलच्या फ्रेमकडेही मी जॉब म्हणूनच बघतो: कुठलं माप महत्त्वाचं, कुठलं चालून जाईल, वापरात झीज कुठे होणार. आमच्या रविवारच्या टोळीतली पोरं फ्रेमचा फोटो पाठवून विचारतात, ‘दादा, घेऊ का?’ फोटोवर मी काही बोलत नाही. तक्ता मागतो.

आधी आपली जमीन डोळ्यासमोर आणा. शूलिभंजन-म्हैसमाळचा माथा असो, सातारा परिसरामागचे डोंगर असोत की बीडच्या कपिलधारकडचा बालाघाट, खाली सगळा बसाल्ट. वर सुटा मुरूम, त्यात लिंबाएवढे गोटे, मधेच काळ्या पाषाणाच्या पायऱ्या. पाऊस झाला की पांदणीतली काळी माती टायरला अशी धरते की चाक फिरायचंच थांबतं. आणि मार्चपासून पुढे ऊन. परदेशातली परीक्षणं ओल्या, मऊ जंगलवाटांवर लिहिलेली असतात. आपल्याला फ्रेम या जमिनीसाठी घ्यायची आहे.

स्टीलच का, तर ‘आरामदायी असतं’ असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. २.४ इंची टायरमध्ये २०-२२ पीएसआय हवा असेल तर दगडाचा बहुतेक दणका टायरच खातो, मागच्या बारीक नळ्या त्यात थोडी भर घालतात. माझं खरं कारण दुरुस्तीचं आहे. स्टीलला मार बसला तर बहुतेक वेळा त्याला आधी पोचा पडतो किंवा ते वाकतं. तडा गेलाच तर तो सहसा हळूहळू वाढतो आणि वेळेवर सापडतो. शिवाय ते जोडता येतं. अ‍ॅल्युमिनियमची, ६०६१ या मिश्रधातूची फ्रेम वेल्ड केली की जोडाजवळची ताकद उतरते आणि ती परत आणायला पुन्हा हीट ट्रीटमेंट लागते. एका फ्रेमसाठी भट्टी कोण लावणार? साध्या क्रोमोलीची नळी मात्र चांगला टिग वेल्डर नीट जोडतो, आणि आपल्या एमआयडीसीत तसे हात आहेत. फक्त ग्रिल-गेटवाल्याच्या आर्क वेल्डिंगकडे ती नेऊ नका. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या भिंतीला तिथे भोकच पडेल. या सगळ्याची किंमत वजनात मोजावी लागते. फ्रेम अडीच-तीन किलोच्या घरात जाते, आणि मी ती आनंदाने मोजतो.

आता स्टिकर, म्हणजे नळी कुठल्या स्टीलची ते. स्वस्त हाय-टेन (साधं कार्बन स्टील) असो की रेनॉल्ड्स या नळी कंपनीचं महागडं ८५३, स्टीलची ताठरता जवळपास एकच असते, २०० गिगापास्कलच्या आसपास. बदलते ती ताकद. ताकद जास्त असली की भिंत पातळ ठेवता येते आणि वजन उतरतं. ४१३० म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील, वर म्हटलेली क्रोमोली तीच. डबल बटेड म्हणजे नळी टोकांना जाड आणि मधे पातळ, समजा ०.९, ०.६, ०.९ मिलिमीटर, कारण वेल्डिंगची उष्णता आणि सगळ्यात जास्त ताण दोन्ही टोकांनाच येतात. ही युक्ती नवी नाही, रेनॉल्ड्सचं बटेड नळीचं पेटंट १८९७ सालचं आहे. दुकानात अंदाज घ्यायचा तर नखाने टिचक्या मारत डाउन ट्यूबवरून, म्हणजे हँडलकडून पायडलकडे उतरणाऱ्या नळीवरून, सरका. जोडाजवळ आवाज बद्द येतो, पुढे गेलं की मोकळा होतो, दुसऱ्या टोकाला परत बद्द. हा फरक कानाला लागला नाही तर नळी बहुधा एकाच जाडीची आहे. ट्रेलसाठी हाय-टेन नको, ते जड पडतं. सगळ्या मुख्य नळ्या ४१३० डबल बटेड असल्या की आपल्यातल्या बहुतेकांचं काम झालं. ८५३ सुंदर स्टील आहे, वेल्ड होऊन हवेत थंड होताना जोडाजवळ ते आणखी कठीण होतं. पण बजेट ताणलेलं असेल तर तो फरकाचा पैसा फोर्क आणि टायरमध्ये घाला.

मापांत पहिलं रीच. बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या, फोर्क बसतो त्या नळीच्या) वरच्या तोंडापर्यंतचं हे आडवं अंतर. उतारावर पायडलवर उभं राहिल्यावर गाडी आखूड वाटणार की ऐसपैस, ते हे ठरवतं. उंची ५ फूट ६ इंचांच्या आसपास असेल तर ४३० ते ४४५ मिमी, ५ फूट ९ इंचाला ४५० ते ४६५ मिमी, इथून बघायला लागा. एम-एल अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघतो. सीटखालची नळी, सीट ट्यूब, मात्र आखूड हवी, म्हणजे ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा) पूर्ण खाली बसतो आणि दगडी पायरी उतरताना सीट मधे येत नाही. सीट ट्यूबच्या आत वाक किंवा बाटलीचा बोल्ट आडवा येत असेल तर ड्रॉपर किती खोल जाईल तेही बघा.

हेड अँगलपाशी, म्हणजे हेड ट्यूब जमिनीशी करते त्या कोनापाशी, जरा थांबा, कारण इथे हार्डटेलचा हिशोब वेगळा आहे. १३० मिमीचा फोर्क असेल तर तुम्ही बसल्यावर त्यातले २५-३० मिमी दबतात. मागे दबायला काहीच नाही. म्हणून गाडीचं नाक खाली जातं आणि हेड अँगल एक-सव्वा अंशाने उभा होतो. तक्त्यात ६५ लिहिलेला अँगल चालवताना ६६ च्या पुढे असतो. सीट अँगलही तेवढाच उभा होतो, ते चढाला बरं. काही कंपन्या मापं दबलेल्या फोर्कवरच देतात, तेव्हा तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय दोन फ्रेमची तुलना करू नका. आपल्या वाटांसाठी माझी पसंती १२० ते १४० मिमीचा फोर्क आणि न दबता मोजलेला ६५-६६ अंश. १२० साठी काढलेल्या फ्रेमला १५० चा फोर्क लावायचा मोह टाळा. दर १० मिमीला अँगल साधारण अर्धा अंश पडतो, बॉटम ब्रॅकेट वर चढतं आणि हेड ट्यूबच्या जोडावर हिशोबात न धरलेला ताण येतो.

चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटकडून मागच्या चाकाच्या मध्याकडे जाणारी नळी, ४२५ ते ४३५ मिमी ठीक. त्याहून आखूड गाडी वळते छान, पण सुट्या मुरमाच्या उभ्या चढावर पुढचं चाक आपोआप उचललं जातं. बॉटम ब्रॅकेटची जमिनीपासूनची उंची ३०५ ते ३१५ मिमी असावी. खाली असलं तर वळणावर मजा येते, मात्र बसाल्टच्या पायऱ्यांवर पायडल आपटत राहतं. १७० मिमीचा क्रँक घेतला तर तेवढंच अंतर सुटतं.

यानंतर काळी माती. कंपनी ‘२.६ पर्यंत टायर बसतो’ म्हणते ते कोरड्या चाकाचं. फ्रेममध्ये चाक बसवून चेनस्टेच्या आतल्या बाजूला, बॉटम ब्रॅकेटच्या मागे जिथे जागा सगळ्यात अरुंद असते तिथे, करंगळी घाला. टायर आणि नळीच्या मधून ती दोन्ही बाजूंना न अडकता गेली पाहिजे. तिथे आडवी पट्टी असेल तर माती आधी त्या पट्टीवर थापली जाते, मग टायर तिला घासतं आणि रंग जाऊन खालचं स्टील उघडं पडतं. मी २.६ ची जागा असलेल्या फ्रेमला २.४ चा टायर लावतो. गोखरू आणि बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस करा, त्यावर चर्चा नको.

जोडणीच्या मापांत माझा हट्ट आहे. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं, ७३ मिमीचं हवं. ठोकून बसवायचं प्रेस-फिट नको. आपल्या धुळीत ते करकरतं आणि काढायला वेगळं हत्यार लागतं. हेड ट्यूब ४४ मिमीची असली तर सरळ आणि टेपर्ड (खाली जाड होणाऱ्या दांड्याचे) दोन्ही फोर्क योग्य हेडसेटने (फोर्क फिरतो त्या बेअरिंगने) बसतात. गिअर हँगर (मागचा गिअर अडकवायचा कान) बदलता येणारा हवा, कारण दगड त्यालाच गाठतो. फ्रेमबरोबरच एक जादा हँगर मागवा. केबल नळीबाहेरून जाणाऱ्या असतील तर उत्तम. आणि बाटलीसाठी किमान दोन जागा मोजा. एप्रिलमध्ये म्हैसमाळ चढताना एका बाटलीत भागत नाही.

जुन्या गाडीचे पार्ट लावायचे असतील तर मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी आधी मोजा. जुन्या क्विक-रिलीजचा (खटक्याने सुटणाऱ्या बारीक दांडीचा) १३५ मिमी, थ्रू-अ‍ॅक्सलचा (आरपार जाड दांडीचा) १४२, बूस्टचा (त्याच्याच रुंद प्रकाराचा) १४८. एकाचा हब दुसऱ्याच्या फ्रेममध्ये नळ्या फाकवून बसवायचा नाही. सर्ली कंपनीच्या कराटे मंकीसारखी एखादी फ्रेम मागे १४५ ठेवते आणि १४२, १४८ दोन्ही घेते, पण ती तशीच डिझाइन केलेली आहे. फ्रेम बाहेरून मागवणार असाल तर वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरून किंमत काढा, मगच पूर्ण गाडीशी तुलना करा.

जुनी फ्रेम घेताना तीन तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली बोटाने. हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला बोट दाबून फिरवा. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे बारीक लाट आलेली असते. ती डोळ्याला चकवते, पण बोटाला लागते. लाट लागली की फ्रेम परत ठेवा. दुसरी दोरीने. गवंड्याची लाइनदोरी एका ड्रॉपआउटला (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांधून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंची दोरी किती अंतरावर आहे ते मोजा. दोन मापांत २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम तिरकी आहे. तिसरी गंजाची. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी धरा आणि हाताने थापटा. थोडी तांबूस भुकटी चालेल, खपल्या पडल्या तर नको. जोडाजवळ रंगाला बारीक रेघ आणि तिच्यातून तपकिरी ओघळ दिसला तर आत तडा आहे असं समजूनच पुढे बोला.

फ्रेम घरी आली की पार्ट चढवायच्या आधी तिला आतून तेल पाजा. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं. कच्चं, खायचं तेल नको, ते वाळायला फार दिवस घेतं. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांना ग्रीस लावून घ्या. सीट ट्यूबमधून आणि नळ्यांच्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, मग निथळत टांगून ठेवा. दोन-चार दिवसांत आत पातळ थर धरतो. बाहेर सांडलेलं लगेच पुसा. बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी निघायचं भोक तेलाने बुजलं नाही ना, ते तारेने बघा. पुसलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवा किंवा बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.