एरिक्सनचे आठ टप्पे घोकायला बसण्याआधी

एमए मानसशास्त्राला किंवा बीएडला नवीन ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींचे मेसेज येतात त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, ताई तो एरिक्सनचा तक्ता लक्षात कसा ठेवायचा. एरिक एरिक्सन म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंतची मनाची वाढ आठ टप्प्यांत मांडणारा मनोविश्लेषक, आणि प्रत्येक टप्प्यात दोन गोष्टींची ओढाताण असते. तक्ता राहतो हो लक्षात. विश्वास विरुद्ध अविश्वास इथून सुरू करून एकात्मता विरुद्ध निराशा इथपर्यंत आठ ओळी, दोन दिवस घोकलं की झालं. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्राचे 30 मार्क, त्यात एरिक्सनवर आला तर एखादा प्रश्न, तेवढ्यापुरतं हे पुरतं. पण एमएच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षक मॅडम विचारतात, अविश्वास अजिबातच नसलेलं मूल कसं असेल, आणि सगळी बॅच गप.

घोळ होतो तो 'विरुद्ध'मुळे. आपण ती मॅच समजतो, विश्वास जिंकला की पोरगं पास आणि अविश्वास जिंकला की नापास. एरिक्सनचं म्हणणं असं की दोन्ही लागतात, फक्त पारडं चांगल्या बाजूला झुकलेलं हवं. कुणाच्याही कडेवर हसत जाणारं, कुणाच्याही मागे चालू लागणारं बाळ बघून आईच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही. तसंच थोडी लाज, थोडा अपराधभाव, आपल्याला अमुक जमत नाही हे कळणं, हेही मोठं होण्यात येतंच. या ओढाताणीतून प्रत्येक टप्प्यावर काहीतरी हाताला लागतं, ते ओळीने आशा, इच्छाशक्ती, ध्येय, क्षमता, निष्ठा, प्रेम, काळजी, शहाणपण. हे तक्त्यासोबतच पाठ करा कारण प्रश्न फिरवून विचारतात.

वयावरून भांडत बसू नका. एका पुस्तकात तरुणपण 35 ला संपतं, दुसऱ्यात 40 ला. 1950 साली एरिक्सनने पहिल्यांदा हे आठ टप्पे मांडले तेव्हा तक्त्यात टप्प्यांची नावं होती, वर्षांचे आकडे नव्हते, ते नंतरच्या लेखकांनी सोयीसाठी घातले. परीक्षेत तुमच्या नेमलेल्या पुस्तकातलं वय लिहा आणि पुढे चला.

माणूस कळला की पाचवा टप्पा, म्हणजे किशोरवयातला 'ओळख विरुद्ध भूमिकेचा गोंधळ', आपोआप कळतो. एरिक्सन 1902 साली जर्मनीत फ्रँकफुर्टला जन्मला, खरा बाप कोण हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सावत्र बाप ज्यू डॉक्टर, घर ज्यू, आणि हा दिसायला उंच, सोनेरी केसांचा, म्हणजे प्रार्थनाघरातली पोरं याला परका म्हणणार आणि शाळेतली पोरं ज्यू म्हणून चिडवणार. कॉलेजची डिग्री नाही, चित्रं काढत भटकला, व्हिएन्नात लहान मुलांच्या शाळेत शिकवता शिकवता सिग्मंड फ्रॉइडच्या मुलीकडे, ॲना फ्रॉइडकडे, मनोविश्लेषण शिकला, 1933 ला अमेरिकेत गेला, 1939 ला तिथला नागरिक होताना एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं, आणि पुढे डिग्री नसताना हार्वर्डला प्रोफेसर. 'मी कोण' हा प्रश्न या माणसाला नाही पडणार तर कुणाला?

आणि सातव्या, म्हणजे मधल्या वयात पुढच्या पिढीची काळजी वाहण्याच्या टप्प्याचं उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको. 1918 चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप, त्यावेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे. एरिक्सनने त्या प्रसंगावर अख्खं पुस्तक लिहिलं, 1970 ला त्याला पुलित्झर मिळालं. मधल्या वयातला माणूस स्वतःच्या पोरांपलीकडे किती जणांची जबाबदारी अंगावर घेतो, आणि ते करताना घरच्यांच्या वाट्याला काय येतं, हे दोन्ही त्यात आहे. व्हायवात हे उदाहरण द्या, ऐकणारा सरसावून बसतो.

आता जेम्स मार्शिया, एरिक्सनचं काम पुढे नेणारा मानसशास्त्रज्ञ. 1966 साली त्याने एरिक्सनचा पाचवा टप्पा घेऊन दोनच गोष्टी विचारल्या, पोराने पर्याय चाचपून बघितलेत का, आणि कशाला तरी वाहून घेतलंय का. त्यातून चार खाने पडतात: शोधून ठरवलेले, अजून शोधाच्या काळात असलेले, न शोधता ठरवलेले, आणि ना शोध ना ठरवणं असे. गाईडमध्ये बाप डॉक्टर म्हणून पोरगा डॉक्टर हे घिसंपिटं उदाहरण असतं, त्यापेक्षा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, अठ्ठावीस वर्षांचा, एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट देणारा पोरगा घ्या. कुठल्या खान्यात बसवाल? बहुतेक जण पटकन म्हणतात शोधाचा काळ चालू आहे. मला नाही पटत. तो काहीच शोधत नाहीये, बारावीनंतर गावातल्या कुणाच्या तरी सत्काराचा फ्लेक्स बघून त्याने ठरवलं आणि त्यानंतर दुसरा पर्याय मनात येऊच दिला नाही, म्हणजे वाहून घेणं पक्कं आणि चाचपणं शून्य, तो न शोधता ठरवलेल्यांच्या खान्यात जातो. त्याच गावातली त्याच्या वर्गातली पोरगी विसाव्या वर्षी लग्न होऊन बाविसाव्या वर्षी आई झालेली असते, तिची ओळख, जवळीक आणि पुढच्या पिढीची काळजी हे तीन टप्पे एकदम अंगावर आलेले. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने 1982 साली हाच मुद्दा काढला होता की बायकांच्या बाबतीत ओळख आणि जवळीक अशा एकामागून एक येत नाहीत. टीका लिहायच्या प्रश्नात हे हमखास लिहा.

प्रॅक्टिकलच्या केस स्टडीबद्दल जरा जास्त सांगते कारण मार्क तिथेच जातात. एकट्या माणसाची केस लिहू नका, समोरचा माणूसही लिहा. अंगणवाडीत बघितलेलं सांगते. अडीच वर्षांची पोरगी दारात बसून चप्पल घालत होती, डावी उजव्या पायात, बंद काही केल्या टाचेवर चढेना. आजी उन्हात उभी, घाई झालेली, दोनदा वाकली आणि दोन्ही वेळा पोरीने 'मी मी' करून हात झटकला. सेविका ताई म्हणाल्या, राहू द्या आजी, घालील ती. शेवटी उलट्याच चपला घालून पोरगी ऐटीत चालायला लागली. वहीत स्वायत्तता (दुसरा टप्पा, आपलं आपण करायची धडपड) एवढंच लिहिलं तर केस अर्धी, कारण ती आजी थांबली म्हणून पोरीला ते जमलं, आणि आजीचं ते थांबणं हा तिच्या वयाचा भाग आहे. पिढ्या अशा एकमेकींत अडकलेल्या असतात हे एरिक्सन सारखं सांगतो, आणि तक्त्यात नेमकं हेच दिसत नाही.

म्हाताऱ्या माणसांना प्रश्नावली देऊ नका. एका विद्यार्थिनीने रिटायर्ड एसटी कंडक्टरना विचारलं, आयुष्याबद्दल समाधान वाटतं का, ते म्हणाले हो, देवाच्या दयेने सगळं छान, विषय संपला. पुढच्या वेळी तिने तिकिटांच्या पेटीबद्दल विचारलं, हिशोब कसा लावायचात, रात्रवस्तीला कुठे झोपायचात, आणि मग तासभर ते बोलत होते. त्या गावांची लोकं अजून रामराम करतात हे सांगितलं, आणि त्याच ओघात सुट्ट्या पैशावरून भर पावसात एका म्हाताऱ्याला खाली उतरवलं होतं ते अजून टोचतं हेही. आठव्या टप्प्याच्या दोन्ही बाजू एकाच बोलण्यात.

बाकी जर्नलला नाव बदलून लिहा, लहान मूल असेल तर पालकांची परवानगी घ्या, आणि निष्कर्षात 'या मुलात न्यूनगंड आहे' असले शिक्के मारू नका, जे दिसलं ते लिहा. करिअरचं विचारत असाल तर हा पेपर शाळेतल्या समुपदेशनाला, बालवाडीच्या कामाला आणि ज्येष्ठांबरोबर काम करणाऱ्या संस्थांमध्ये रोज उपयोगी पडतो. पण नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते, ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजला हे तोंडावर विचारा.