सोलापुरात राहून सीएफएलई व्हायचं असेल तर

सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर, थोडक्यात सीएफएलई, हे कुटुंबजीवनाचं शिक्षण देणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र अमेरिकेतली नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स ही संस्था देते. तिला सगळे एनसीएफआर म्हणतात. संस्था १९३८ची, प्रमाणपत्र १९८५पासूनचं. आपल्याकडे हे काम करायला कुठला परवाना लागत नाही, आणि सोलापुरातल्या कुठल्याही भरतीच्या जाहिरातीत हे नाव माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही. म्हणजे नोकरी लागावी एवढ्याचसाठी करणार असाल तर डॉलर वाचवा आणि बीएड करा. पालकसभा, बचत गट, किशोरवयीन मुलंमुली, लग्न ठरलेली जोडपी यांच्याबरोबर काम करत असाल आणि त्याला बैठक हवी असेल, तर मात्र पुढचं वाचा.

मी होम सायन्सची, मानव विकास हा विषय घेऊन शिकलेली. लग्नानंतर अशोक चौकात आले आणि तेव्हापासून पूर्व भागातच आहे. विडी कामगार बायका, महापालिकेच्या आणि खासगी शाळा, अधूनमधून एखादा समाज मंडळाचा विवाहपूर्व मेळावा, असं माझं काम चालतं. तेलुगू सासरी शिकले, ती इथं पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आधी काम कशाचं आहे ते नीट समजून घ्या, कारण अर्जातही तेच विचारतात. घरात सासूसुनेचं पटत नाही, असं समजा. पंधरा सासवा आणि पंधरा सुना एकत्र बसवून नव्या घरात आलेल्या माणसाला काय जड जातं यावर बोलणं, ऐकून घ्यायची सवय लावणं, हे आपलं काम. त्यातल्या एका घरातली जुनी जखम उघडून ती भरून काढणं हे थेरपिस्टचं. आणि मारहाण होतेय, रेशन कार्ड नाही, पोरगी शाळेतून काढलीय अशा घराला दारोदार फिरून मदत मिळवून देणं हे केस मॅनेजमेंटचं, म्हणजे आपल्याकडच्या समाजसेवकाचं. पहिल्यात शिक्षण आणि प्रतिबंध आहे, उपचार नाही. नियमित समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणींना मी स्पष्ट सांगते, की ते तास या प्रमाणपत्रासाठी अनुभव म्हणून धरले जात नाहीत.

प्रमाणपत्राला दोन वाटा आहेत. एनसीएफआरने मान्यता दिलेल्या विद्यापीठातून पदवी घेतली तर परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. पण ती विद्यापीठं प्रामुख्याने अमेरिका-कॅनडातली. म्हणून सोलापूरकराची वाट परीक्षेची. किमान पदवी हवी, परीक्षा इंग्रजीत, बहुपर्यायी प्रश्नांची. पास झालात आणि कामाचा अनुभव कमी पडला तर आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. अनुभव पुरा केलात की पूर्ण. अनुभवाची अट तासांत मोजतात आणि पदवी विषयाच्या जितकी जवळची तितके तास कमी. अर्ज कराल त्या वर्षीचा आकडा एनसीएफआरच्या हस्तपुस्तिकेतूनच घ्या, कुणाच्या तोंडचा घेऊ नका. माझ्याही नाही.

गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र यांतलं काही झालेलं असेल तर पाया आहे. नसेल आणि घर सोडून जाता येत नसेल तर इग्नूचा समुपदेशन व कौटुंबिक उपचार हा अभ्यासक्रम बघा. नावात उपचार असला तरी कुटुंबाची रचना, वाढीचे टप्पे हे त्यात पद्धतशीर येतं.

आता तासांची वही. अर्ज भरायला बसल्यावर मागचं आठवायला गेलात तर संपलंच. आजच दोनशे पानी वही आणा आणि दर सत्राला एक पान द्या. तारीख, जागा, किती वेळ, किती माणसं, कुठला विषय, उद्देश काय होता, काय केलं, आणि खाली मुख्याध्यापक किंवा गटाच्या अध्यक्षांची सही-शिक्का. तयारीचा वेळ वेगळा लिहा. ‘मार्गदर्शन केले’ असं मोघम लिहू नका. ‘मुलाचा हट्ट चालू असताना आईने आवाज न चढवता काय बोलावं याचा सराव, तीन जोड्यांत’ असं लिहा. आपल्याकडच्या संस्था अनुभवाच्या दाखल्यावर ‘यांचे काम समाधानकारक आहे’ एवढंच छापून देतात. तो कागद परदेशात कुणाला काही सांगत नाही. मजकूर तुम्हीच लिहून न्या, त्यांना लेटरहेडवर घ्यायला लावा.

परीक्षेचे विषय दहा. समाजाच्या चौकटीतलं कुटुंब, कुटुंबाचे आतले व्यवहार, जन्मापासून म्हातारपणापर्यंतची वाढ, मानवी लैंगिकता, परस्पर नातेसंबंध, कुटुंबाच्या साधनांचं नियोजन, पालकशिक्षण, कौटुंबिक कायदा व धोरण, व्यावसायिक नीती, आणि शिकवण्याची पद्धत. वाढ आणि पालकत्व बहुतेकांचं झालेलं असतं, त्यावर वेळ घालवू नका. अडतं ते कायद्यावर आणि पद्धतीवर.

कायद्यासाठी दोन वह्या करा. परीक्षेत अमेरिकेचा कायदा येणार. तिथं १९९३च्या कायद्याने आजारपण-बाळंतपणासाठी बारा आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी आणि खासगी नोकरीत पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे, पगारी. दुसऱ्या वहीत इथलं लिहा: कौटुंबिक न्यायालयांचा १९८४चा कायदा, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५चा, बालविवाह प्रतिबंधाचा २००६चा, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो २०१२चा. पहिली वही परीक्षेनंतर कपाटात जाईल. दुसरी रोज पिशवीत राहील.

सिद्धांत पाठ करू नका, गल्लीत लावून बघा. रूबेन हिल यांनी १९४९मध्ये मांडलेलं सूत्र घ्या. एक घटना, दुसरा त्या घरापाशी असलेला आधार, तिसरं म्हणजे घरचे त्या घटनेकडे कसे बघतात; ही तीन मिळून संकट केवढं होणार ते ठरवतात. यंत्रमागाची एक पाळी बंद झाली. शेजारशेजारच्या दोन घरांतल्या कमावत्या माणसांचं काम एकाच दिवशी गेलं. एका घरात बायको गटात आहे, थोरला दीर गावातच होटगी रोडला आहे, आणि सगळे म्हणतात, ‘मंदी आलीय, सगळ्यांचंच गेलंय.’ दुसऱ्या घरात मायक्रोफायनान्सचा हप्ता दर आठवड्याला दारात, आणि म्हातारी म्हणते, ‘हाच बिनकामाचा.’ घटना तीच. दुसऱ्या घरात महिन्याभरात पोराची शाळा सुटते. हे एकदा दिसलं की परीक्षेतला प्रश्न कसाही फिरवून विचारू दे.

पण पुस्तकातलं सगळं इथं बसतं असंही नाही. एव्हलिन ड्युव्हॉल यांचे कुटुंबाचे आठ टप्पे वाचाल, त्यात मुलं मोठी होऊन घराबाहेर पडतात आणि नवराबायको पुन्हा दोघंच उरतात. आमच्या गल्लीत मुलगा मोठा होतो आणि घरात सून येते. माणसं कमी होत नाहीत, वाढतात. परीक्षेत त्यांचं उत्तर निवडा, सत्रात आपलं सांगा.

पद्धत हा विषय पुस्तकातून निम्माच येतो. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या दुपारचं सांगते. एका ओसरीत दहाबारा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. हात विडीत, डोळे सुपात, कान मोकळे. इथं पीपीटी दाखवायला गेलात तर कोण बघणार? कागद भरून घ्यायला गेलात तर हात थांबतात, आणि हात थांबला तर त्या दिवसाचे पैसे थांबतात. म्हणून सत्र कानाने घ्यायचं. मी एक प्रसंग सांगते, दोन मिनिटांचा, आणि अर्ध्यावर सोडते. ‘मग ती आई काय म्हणाली असेल?’ एकीने तेलुगूत उत्तर दिलं की दुसरी मराठीत खोडते, आणि गाडी सुरू. मी फक्त मधे विचारत राहते, की तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलं, त्याने काय झालं, पुढच्या वेळी काय करून बघणार. मोठ्या माणसांना शिकवायचं म्हणजे त्यांच्याच अनुभवावरून पुढं जायचं, हे पुस्तकातलं तत्त्व ओसरीवर असं दिसतं.

सकाळी विड्या जमा करायच्या घाईत सत्र ठेवू नये. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात तर ठेवूच नये, कुणी येत नाही. पण जत्रेच्या आधी पंधरा दिवस खर्चाच्या नियोजनावर घेतलं तर ओसरी पुरत नाही. साधनांचं नियोजन म्हणतात ते हेच. भिशी, गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्स, सोनाराकडची गहाण अंगठी, हे सगळं एका कागदावर आठवड्याच्या वारांप्रमाणे मांडायला लावा. कुठल्या वारी घरात भांडण होतं ते बायका स्वतःच ओळखतात.

दर सत्रात एक बाई हमखास म्हणते, ‘म्याडम, पोरगं दिवसभर मोबाईल बघलालंय, काय तरी सांगा की.’ तिला लगेच उपाय देऊ नका. ‘घरात अजून कोण बघतं?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. बाकीचं काम शेजारणी करतात.

शाळेत काम अवघड, विशेषतः वयात येण्याच्या विषयावर. २००७मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबवलं गेलं होतं, त्याची धास्ती काही मुख्याध्यापकांच्या मनात अजून आहे. म्हणून आधी पालकसभा, तिथं पूर्ण आराखडा वाचून दाखवा, मुलांना कुठलं चित्र दाखवणार तेही दाखवा. परवानगी लेखी घ्या. वर्गात एक शिक्षिका बसू दे. प्रश्नपेटी ठेवाल तर सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकाच रंगाची पेनं द्या, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून टाकायचंच, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं. नाहीतर लिहिणारा कोण ते मागच्या बाकाला लगेच कळतं आणि पेटी रिकामी राहते. सातवीच्या मुली पाळीबद्दल जेवढं विचारतात, त्याहून जास्त त्यांना आई यावर का बोलत नाही ते विचारायचं असतं. त्याचं उत्तर मुलींना नाही, पालकसभेत द्यायचं.

आणि एक गोष्ट सत्र सुरू होण्याआधी ठरलेली हवी. ‘तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलांना कधीही देऊ नका. पॉक्सोच्या कलम १९नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल’ असं आधीच सांगा. मुलं ते समजून घेतात. मोठेच गडबडतात.

आपल्या हद्दीबाहेरचं आलं की पाठवायचं कुठं, याचा कागद वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सखी केंद्र, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सिव्हिलचा मानसोपचार विभाग. नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नका, बाई तयार असेल तर तिच्यासमोर फोन लावा. व्यावसायिक नीतीचे प्रश्न सोडवताना हेच वेगळ्या शब्दांत विचारलेलं असतं, आणि अर्जासोबत एनसीएफआरच्या आचारसंहितेवर सहीही करावी लागते.

राहिली कागदपत्रं, आणि खरा वेळ तिथंच जातो. भारतातली पदवी असेल तर विषयवार मूल्यमापन करणाऱ्या परदेशी संस्थेकडून ती तपासून घ्यावी लागते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा अधिकृत उतारा, मागवा, त्यासोबत अभ्यासक्रमाचा तपशीलही मागा, कारण ‘गृहविज्ञान पेपर ३’ एवढ्यावरून तिथल्या माणसाला काही बोध होत नाही. पैसे डॉलरमध्ये भरायचे, तेव्हा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या.

बायकांसाठी सगळ्यात मोठी अडचण नावाची. माझी गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि एका कागदावर वडिलांचं नाव मधे तर दुसऱ्यावर नवऱ्याचं. परीक्षेला ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं पाहिजे. महापालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढा, लागलं तर नाव बदलाचं राजपत्र करून घ्या, आणि पासपोर्ट काढायचा असेल तर त्याच नावाने काढा. एनसीएफआरला पहिला मेल पाठवण्याच्या आधी हे उरकून घ्या, कारण एकदा अर्ज एका नावाने गेला की प्रत्येक कागदामागे खुलाशाचं पत्र जोडत बसावं लागतं.