शटडाऊन झाला की व्हिसाचं आणि विम्याचं काय होतं?

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेत नव्याने आलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: सरकार बंद पडलं तर माझ्या एच-१बीचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, काय? बघायचं ते एवढंच, की तुमची फाईल ज्या कार्यालयात आहे त्याचा खर्च कशातून भागतो. अर्जदारांच्या फीमधून भागत असेल तर ते उघडं राहतं. काँग्रेसने दरवर्षी मंजूर करायच्या निधीतून भागत असेल तर त्याला टाळं लागू शकतं. तुमच्या स्वतःच्या मुदती मात्र टाळं असो वा नसो, चालूच राहतात. घोळ होतो तो इथे.

हे मुळात का होतं, ते थोडक्यात. इथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोवर खर्चाची बारा विधेयकं मंजूर व्हायला लागतात. ती सहसा होत नाहीत. मग आपल्या लेखानुदानासारखा तात्पुरता ठराव करून काही आठवडे निभावून नेतात, आणि तोही अडला की शटडाऊन. भारतात खर्चाच्या मागण्या लोकसभेने फेटाळल्या तर सरकारच जातं. इथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षं जागेवरच असतो, तिजोरीची चावी तेवढी अडकते. सेनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घ्यायलाच शंभरातली ६० मतं लागतात आणि एवढी मतं एका पक्षाकडे क्वचितच असतात. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही, पण विरोधकांशी जुळवून घेतलं तर पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, स्वपक्षाचेच मतदार घरी बसवतील, ही धास्ती व्हिपपेक्षा भारी पडते. निधी संपला तरी पूर्वी कार्यालयं कशीबशी चालू राहायची. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी ते बेकायदा असल्याचं मत दिलं, तिथून टाळं लावायची पद्धत पडली.

आरोग्यविम्यावरून दोन मोठे शटडाऊन झाले. अफोर्डेबल केअर ॲक्ट, म्हणजे ओबामाकेअर, २०१० मध्ये एकाही रिपब्लिकन मताशिवाय मंजूर झाला आणि तेव्हापासून तो दोन्ही पक्षांच्या प्रतिष्ठेचा विषय आहे. २०१३ मध्ये या कायद्याचा पैसा तोडा म्हणून रिपब्लिकनांनी सरकार १६ दिवस बंद पाडलं. विमा विकायचं सरकारी संकेतस्थळ नेमकं त्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, सुरू झालं, कारण त्याचा बहुतेक पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबून नव्हता. ते पहिल्याच दिवशी कोसळलं आणि दिवसभरात सहा जणांची नोंदणी झाली, हा भाग वेगळा. २०२५ मध्ये बाजू उलटल्या. विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सवलत पुढे चालू ठेवा, नाहीतर मतं देत नाही, असं डेमोक्रॅट म्हणाले आणि १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकार बंद राहिलं. शेवटी त्यांच्या गटातले आठ सेनेटर फुटले आणि ६०-४० ने वाट मोकळी झाली. बदल्यात मिळालं ते डिसेंबरमध्ये मतदान घ्यायचं आश्वासन. मतदान झालं, ५१-४८ मतं पडली, म्हणजे साठाला कमीच, आणि वर्षअखेर सवलत संपली. दोन्ही वेळा टाळं लावणाऱ्याच्या हाती मागितलेलं काही लागलं नाही. तरी हे पुन्हा होणार नाही असं समजून चालू नका.

व्हिसा आणि नोकरी

यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज निकाली काढणारं खातं, फीवर चालतं. एच-१बी, एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा), ईएडी (काम करायचा परवाना), ग्रीन कार्डाचे अर्ज शटडाऊनमध्येही घेतले जातात. मुंबईच्या कॉन्सुलेटमधलं व्हिसाचं कामही मुख्यतः फीवरच आहे, त्यामुळे केवळ बातमी ऐकून अपॉइंटमेंट रद्द करू नका.

अडतं ते लेबर डिपार्टमेंटमध्ये. एच-१बीचा कुठलाही अर्ज, मग तो नवीन असो, मुदतवाढीचा असो वा कंपनी बदलण्याचा, या खात्याने मंजूर केलेला एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलचं कंपनीचं हमीपत्र, जोडल्याशिवाय जात नाही. एलसीएला एरवी कामाचे सात दिवस लागतात. २०२५ मध्ये तो भरायचं पोर्टल १ ऑक्टोबरला बंद पडलं आणि महिनाअखेरीस उघडलं. ग्रीन कार्डासाठी लागणाऱ्या पर्मचं, म्हणजे लेबर डिपार्टमेंटच्या मंजुरीचं, आणि त्याआधीच्या वेतननिश्चितीचंही तेच झालं. नोकरी गेलेल्याला नवी कंपनी गाठायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यातले तीस पोर्टलपायी गेले तरी घड्याळ चालूच. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारीत मुदत संपत असेल तर एलसीए सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरून घ्या. कामाच्या तारखेच्या सहा महिने आधी तो भरता येतो, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ हे वकिलाचं उत्तर ऐकून गप्प बसू नका. तरीही अडकलात, तर पोर्टल बंद असल्याची सूचना तारखेसकट जपून ठेवा. शटडाऊनमुळे झालेला उशीर यूएससीआयएस पोटात घालू शकतं, पण पुरावा तुम्हाला द्यावा लागतो आणि निर्णय त्यांच्या मर्जीचा असतो. साठ दिवस भरत आले असतील तर जोडीदाराच्या व्हिसावर एच-४ किंवा निदान बी-२ चा (पर्यटक व्हिसाचा) अर्ज मुदतीच्या आत टाकायचा का, हे वकिलाशी वेळेवर बोला.

प्रत्येक शटडाऊनमध्ये एलसीए बंद पडतोच असं नाही. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला, पण लेबर डिपार्टमेंटचं विधेयक आधीच मंजूर झालेलं असल्याने एलसीए सुरळीत मिळत होते. बातम्यांत ‘सरकार बंद’ एवढंच येतं. बारातली कोणती विधेयकं अडली आहेत, ते वाचा.

ओपीटीवर (विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या मुभेवर) असलेल्यांनी ई-व्हेरिफायकडे, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेकडे, लक्ष ठेवावं. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या पदवीधरांना मिळणाऱ्या, मुदतवाढीसाठी कंपनी त्यात नोंदलेली असावी लागते आणि ते बंद असताना नवी नोंदणी होत नाही. छोट्या स्टार्टअपमध्ये रुजू होताय तर नोंदणी झालीये का, हे ऑफर घेतानाच विचारा. नोकरीवर घेताना भरायचा आय-९ फॉर्म मात्र नेहमीच्या तीन दिवसांतच पूर्ण व्हायला हवा, आणि ई-व्हेरिफाय अडलंय म्हणून कंपनी तुम्हाला काढू शकत नाही.

व्हर्जिनिया, मेरीलँडकडे बरेच जण सरकारी कंत्राटावर असतात. सरकारी नोकरांचा थकलेला पगार २०१९ च्या कायद्याने नंतर मिळतो. कंत्राटदारांना ती हमी नाही. पण तुम्ही एच-१बीवर असाल तर काम थांबलं तरी एलसीएत लिहिलेला पगार देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ‘महिनाभर बिनपगारी रजा टाक’ म्हणून सही मागतील. सही केली की रजा तुमच्या इच्छेची ठरते आणि कंपनी सुटते. करू नका.

विमा

कंपनीचा विमा असेल तर वॉशिंग्टनच्या भांडणाचा तुमच्यावर थेट परिणाम नाही. मूल झालं, लग्न झालं, जोडीदार भारतातून आला, तर त्यांचं नाव घालायला सहसा ३० दिवसच मिळतात. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर यायचा आहे म्हणून थांबणारे पुष्कळ असतात. नंबर मागाहून देता येतो, नाव आधी घाला.

नोकरी गेली तर दोन वाटा. कोब्रामध्ये तोच विमा साधारण १८ महिने चालू राहतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के. घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतलात तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे तब्येत ठीक असेल तर थांबून बघता येतं. दुसरी वाट मार्केटप्लेसची, म्हणजे ओबामाकेअरच्या बाजाराची. तिथेही नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसांची खिडकी असते. एरवी नोंदणी १ नोव्हेंबरपासून. १ जानेवारीपासून विमा हवा तर १५ डिसेंबरच्या आत उरका.

ज्या सवलतीवरून ४३ दिवस टाळं होतं, तिचा हिशेब इथे लागतो. २०२१ पासून उत्पन्न जास्त असलेल्यांनाही थोडी सवलत मिळत होती. २०२६ च्या विम्यासाठी जुनी कडा परत आली: दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्न, म्हणजे एकट्याला ६२,६०० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलर. त्याच्या एक डॉलर पुढे गेलात की सवलत शून्य. सवलतीवर असलेल्यांचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल असा केएफएफ या संस्थेचा अंदाज होता. शिवाय २०२६ पासून अंदाजापेक्षा जास्त कमाई झाली तर जादा घेतलेली सवलत कर भरताना अख्खी परत द्यावी लागते. परतफेडीला पूर्वी असलेली मर्यादा काढून टाकली आहे. वर्षाच्या मध्ये नवी नोकरी लागली, बोनस आला, जोडीदाराला ईएडी मिळालं, तर त्याच महिन्यात संकेतस्थळावर उत्पन्न बदला.

आणखी एक गोष्ट ४ जुलै २०२५ च्या कायद्यात आहे. १ जानेवारी २०२७ पासून ही सवलत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि एकदोन छोटे गट यांनाच राहील. एच-१बी, एच-४, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना विमा घेता येईल, पण पूर्ण किमतीत.

ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायला ६५ वय आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. मेडिकेडलाही, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यालाही, बहुतेक ठिकाणी पाच वर्षं थांबावं लागतं. पूर्वी या मधल्या काळात उत्पन्न अगदी कमी असलं तरी मार्केटप्लेसची सवलत मिळायची. २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाला ती बंद झाली. २०२६ च्या विम्यासाठी दोघांची ही रेषा २१,१५० डॉलर आहे. इथे भारतातलं पेन्शन आणि एफडीचं व्याजही उत्पन्नात धरलं जातं, ते दाखवायलाच हवं, आणि कधीकधी त्यानेच ते रेषेच्या वर येतात. त्यांना तुमच्या कर विवरणपत्रात अवलंबून दाखवलंत तर मात्र तुमचं सगळं उत्पन्न मोजलं जातं. दोन्ही आकडे मांडून बघितल्याशिवाय विवरणपत्र भरू नका. बी-२ वर फिरायला आलेल्यांना मार्केटप्लेस नाही. त्यांच्यासाठी प्रवासी विमाच, आणि त्यात जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते विमानात बसायच्या आधी वाचा.

बाकीचं

डीएमव्ही (लायसन्सचं कार्यालय) राज्याचं, शाळा गावाची, दोन्ही चालू. टपाल चालू. सोशल सिक्युरिटी कार्डं २०१३ मध्ये थांबली होती, २०२५ मध्ये मिळत होती, तेव्हा जायच्या आधी त्या वेळची सूचना बघा. ओसीआय आणि भारतीय पासपोर्ट हे भारतीय वकिलातीचं काम, त्याला काहीच होत नाही. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक बिनपगारी काम करतात आणि शटडाऊन लांबला की गैरहजेरी वाढते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चाळीस मोठ्या विमानतळांवर देशांतर्गत उड्डाणं कमी करावी लागली. मुंबईला जाताना नेवार्क किंवा शिकागोला विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा, म्हणजे पहिलं चुकलं तर पुढचं विमान कंपनीने द्यायचं, तुम्ही विकत घ्यायचं नाही.